सुरातलं पाणी

आत्या तिला मोजपट्टी म्हणायची. लहानपणी ती घरातल्या दिसेल त्या वस्तूला फूटपट्टी लावायची, मांजरालासुद्धा. पुढे तिने ध्वनिशास्त्रात पदवी घेतली तेव्हा आत्याने गल्लीभर सांगितलं, "आमची मोजपट्टी आता आवाज मोजते. कुणाचा नवरा घोरत असेल तर घेऊन या."

जुन्या लाँड्रीच्या जागी आता नवी इमारत उभी राहिली होती. धुराडं तेवढं तसंच ठेवून त्याला खालून दिवे लावले होते. जिथे चादरी धुवायचे हौद होते तिथे गुळगुळीत फरशीची लॉबी झाली होती. त्या लॉबीत दिवसभर मंद आवाजात लाँड्रीतल्या बायकांची गाणी वाजावीत, अशी इमारतीच्या व्यवस्थापकाची कल्पना. उद्घाटनाला बायका प्रत्यक्ष गाणार होत्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं ध्वनिमुद्रण वाजणार होतं. मुद्रणाचं काम मोजपट्टीकडे आलं, कारण ती याच गल्लीतली आणि त्याच बायकांपैकी एकीची भाची.

व्यवस्थापक भला माणूस होता. तिच्याहून फार मोठाही नसेल.

"एकच शंका आहे, मॅडम," तो तिला म्हणाला होता. "तुम्ही फोनवर पाठवलेलं गाणं मी घरी ऐकवलं. बायको म्हणाली, छान आहे, पण जरा बेसूर नाही का? वर राहायला येणारी मंडळी बरंच काही ऐकलेली आहेत. कुणी हसायला नको."

"नाही, नाही, तो कच्चा नमुना होता," मोजपट्टी घाईघाईने म्हणाली. "ते सगळं मी काढून टाकणार आहे."

बोलताना तिचे कान तापले. आपल्या घरातलं कुणीतरी पाहुण्यांसमोर तोंडात घास असताना बोललं की तापतात, तसे.

ती पिळाची गाणी होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या जाड चादरी एकटीने पिळता येत नसत, म्हणून बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहायच्या. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. सरळ रांग एका बाजूला पिळायची, उलटी रांग दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही रांगा गायच्या. सरळ रांगेची पुढारी होती बंबवाली. तिने बरीच वर्षं लाँड्रीचा बंब सांभाळला होता आणि तिचा आवाजही त्या बंबातूनच निघाल्यासारखा होता. उलट्या रांगेची पुढारी आत्या.

लाँड्री पाडल्यावर बहुतेक बायका शहराच्या टोकाला राहायला गेल्या होत्या. मुद्रणासाठी त्या बस बदलून आत्याच्या खोलीवर आल्या. आत्याने घरातल्या होत्या नव्हत्या त्या चादरी बादलीत बुडवल्या.

"अगं, नुसतं गायचंय," मोजपट्टी म्हणाली.

"कोरड्या हातांनी गळा उघडत नाही," आत्या म्हणाली. "तू तुझं यंत्र बघ."

खोलीभर पाणी झालं. पलंग भिंतीला उभा केला होता, तरी त्याचा पाय भिजलाच. मोरीतला नळ ठिबकत होता. एका बाईची चादर मधोमध फाटली आणि सगळ्या इतक्या हसल्या की एक गाणं पुन्हा घ्यावं लागलं. निघताना यंत्र बॅगेत भरणाऱ्या मोजपट्टीला आत्या म्हणाली, "तुला काय कापाकापी करायची ती कर. फक्त त्यातलं पाणी काढू नकोस."

"नाही काढत," मोजपट्टीने कबूल केलं.

आणि तिने शब्द पाळला. बादलीतला छपछपाट ठेवला, पिळताना गळणारी धार ठेवली, मोरीतल्या नळाचा थेंब न् थेंब राखला. त्याचा आवाज जरा दबला होता म्हणून तिने उलट वाढवलासुद्धा. काढलं ते दुसरंच. उलटी रांग सरळ रांगेच्या किंचित खाली गात होती. एवढी खाली नाही की वेगळा सूर म्हणावा, आणि एवढी जवळही नाही की एक म्हणावा. दोन्ही आवाज एकमेकांवर घासून सगळं गाणं थरथरत होतं. शेवटच्या ओळीला ते कसेबसे जुळत. असं का थरथरतं हे मोजपट्टीला पक्कं ठाऊक होतं. जवळजवळचे दोन सूर एकत्र आले की असं होणारच, आणि परीक्षेत त्यावरची गणितं तिने न चुकता सोडवली होती. पण हेडफोन लावून ऐकताना तिला फक्त व्यवस्थापकाची बायको दिसत होती, कपाळाला बारीक आठी घातलेली. मोजपट्टीच्या संगणकावर प्रत्येक सूर ओढून जागेवर बसवायची सोय होती. तिने ते सूर बसवले. गाणं एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं.

"अप्रतिम!" व्यवस्थापकाने कळवलं.

उद्घाटन दुपारी होतं. बायका लाँड्रीचे जुने निळे एप्रन इस्त्री करून घालून आल्या. फरशी खराब होऊ नये म्हणून बादल्यांखाली रबराच्या चटया घातल्या होत्या. त्या बघून बंबवाली म्हणाली, "जन्मभर इथे पाय कुजेपर्यंत पाण्यात उभे होतो, आता बादलीला गादी!" नवे रहिवासी हळूहळू जमू लागले. गल्लीतलीही काही माणसं आली आणि दाराजवळच उभी राहिली. व्यवस्थापकाने खूण केली आणि छतातल्या स्पीकरमधून मुद्रण सुरू झालं.

बायका माना वर करून ऐकू लागल्या. आधी हसऱ्या तोंडाने, मग नुसत्याच.

"हे कोण गातंय?" बंबवालीने विचारलं.

"तुम्हीच," मोजपट्टी म्हणाली.

"मग पाणी कुठाय?"

"आहे की. ऐका ना, नळ ठिबकतोय."

क्षणभर कुणाला कळेना. मग एकदम हशा पिकला.

"अगं नळाचं नव्हे, पोरी! सुरातलं!" बंबवालीने ओल्या हाताने तिचा दंड धरला. "ही खालून लावते, मी वरून लावते, मग मध्ये पाणी खेळतं. पीळ बसत जातो तसं ते कमी होत जातं. सुरातलं पाणी गेलं की समजायचं, चादरीतलंही गेलं. तुला आत्याने एवढंही सांगितलं नाही?"

मोजपट्टीने सांगायला तोंड उघडलं. पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्या आत्याकडे वळल्या होत्या.

"काय गं, पहिल्या ओळीपासून आम्हाला चिकटलीयस," एकजण म्हणाली. "वाळलेली चादर पिळत होतीस का?"

"हिने घडी घालूनच आणली असेल!"

"असू दे गं," तिसरी समजुतीने म्हणाली. "वय झालं. होतं असं."

आत्या त्या हसण्यात सामील झाली नाही. ती स्पीकरच्या बरोब्बर खाली जाऊन उभी राहिली आणि डोळे मिटून तिने पूर्ण कडवं ऐकलं. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आवाज माझाच आहे," ती म्हणाली. "सरळ गेलेय मी. आणि मला कळलंसुद्धा नाही."

तिने एप्रनची गाठ सोडली आणि तो समजूत काढणाऱ्या बाईच्या हातात दिला. "आज उलटी रांग तू घे."

"अगं, चेष्टा केली गं!"

"चेष्टा कसली. उलट्या रांगेला कामच एक, पाणी राखायचं. ते जमत नसेल तर मी काय तिथे शोभेला उभी राहू?"

मोजपट्टी तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुझं काही चुकलेलं नाही. ते मुद्रणात तसं—"

"गप बस. माझी समजूत घालू नकोस. यंत्राला काय, माझ्याशी वैर आहे? जे गायले तेच त्याने घेतलं." आत्या भिंतीकडेला ठेवलेल्या नव्या कोचाच्या काठावर टेकली, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी. पदराने तिने हात पुसले. हात कोरडेच होते.

लोक खुर्च्यांवर बसले. व्यवस्थापक माईकवर म्हणाला की या भिंतींमधला आवाज त्यांनी जपला आहे, आणि तो जपणारी तरुण संशोधक याच गल्लीची लेक आहे. टाळ्या झाल्या. माईक मोजपट्टीच्या हातात आला. तिला दोन शब्द बोलायचे होते आणि ते तिने पाठ करून आणले होते. पण समोर बंबवाली आत्याच्या जागी उभ्या असलेल्या बाईला सूर लावून दाखवत होती आणि तो त्या बाईला लागत नव्हता. आत्या फरशीकडे बघत होती.

"आता जे ऐकलंत," मोजपट्टी म्हणाली, "ते यांनी तसं गायलेलं नाही. ते मी बदललंय."

व्यवस्थापकाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"उलट्या रांगेचे सूर मी संगणकावर वर ओढले. पाणी मी काढलं. आत्याने नाही."

"कशाला?" बंबवालीने विचारलं. तिला माईकची गरज नव्हती.

"मला वाटलं... लोक हसतील."

"आम्हाला?"

मोजपट्टी हो म्हणणार होती. तेवढ्यात कोचावरून आत्याचा आवाज आला, अगदी साधा, भाजी किती आणू असं विचारावं तसा. "आम्हाला हसतील म्हणून, की तुला?"

"मला," मोजपट्टी म्हणाली.

माईक चालूच होता. तो शब्द छतातल्या सगळ्या स्पीकरमधून लॉबीभर पडला. दाराजवळ उभी असलेली गल्लीतली माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांत तिला अभ्यासाला स्वतःची गच्ची देणारा शिंपी होता. तो लगेच दुसरीकडे बघू लागला, आणि तिला वाटलं, तो बघत राहिला असता तर बरं झालं असतं.

आत्या उठली. तिने तो एप्रन परत घेतला, डोक्यातून घातला, गाठ मारली. मोजपट्टीजवळून जाताना थांबली नाही. बादलीतून चादर उचलली आणि एक टोक बंबवालीच्या हातात दिलं.

"लाव," ती म्हणाली.

बंबवालीने सूर लावला. आत्याने तिच्या खालून, एवढासा खालून लावला, आणि लॉबीतली हवा थरथरायला लागली. भराभर, मग सावकाश. चादरीतून पाणी धारेने गळत होतं, मग थेंबाथेंबाने. चटयांच्या बाहेर ओघळ गेला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने कानाजवळ हात नेला आणि शेजारच्याला विचारलं, "स्पीकर बिघडलाय का?" बायका माईकशिवाय गात होत्या. व्यवस्थापकाने मोजपट्टीकडे पाहिलं. हे असंच असतं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. तिने मानेनेच हो म्हटलं. चादर दोरखंडासारखी झाली, दोन्ही आवाज सरकत सरकत एक झाले, आणि गाणं थांबलं.

टाळ्या वाजल्या. दाराजवळ जास्त, खुर्च्यांवर कमी.

लोक पांगल्यावर मोजपट्टी बादल्या उचलायला गेली. आत्या चादर झटकत होती.

"मूळ मुद्रण आहे माझ्याकडे," मोजपट्टी म्हणाली. "इथे तेच वाजेल. आजच बदलायला लावते."

"लाव."

"आधी तू ऐकशील? घरी ऐकवते."

आत्याने चादरीची घडी घातली, कडेला कड जुळवून, लाँड्रीत घालायच्या तशी. बंबवालीने पलीकडून हाक मारली, बस चुकेल म्हणून. आत्याने तिला थांबायची खूण केली.

"दुसऱ्या कुणाला ऐकव," ती म्हणाली. "मी ऐकायला बसले तर आता मला ते तुझ्याच कानांनी ऐकू येईल."

तिने घडी काखेत मारली आणि बायकांना बसपर्यंत पोचवायला गेली. मोजपट्टीने बादली उचलली. ती अजून अर्धी भरलेली होती आणि ती कुठे ओतायची, हे त्या नव्या इमारतीत तिला कुणाला विचारावंसं वाटेना.