गप्प करायचं बटण

बटणावरचं अक्षर पुसून गेलं होतं… त्याच्याच अंगठ्यानं, इतक्या वर्षांत. पडद्यावरची दोन विमानं जवळ येतील असं संगणकाला वाटलं की त्यांच्या खुणा लाल व्हायच्या, टीं-टीं सुरू व्हायची आणि अंगठा आपोआप खाली जायचा. गप्प! कारण संगणकाला दिसे ते फक्त वर चढणारं विमान. ते दुसऱ्याच्या हजार फूट खालीच थांबणार आहे, वैमानिकाला तसं सांगून झालंय, हे त्या मठ्ठाला कुठून कळणार? कंट्रोल रूममधले सगळेच बघता न बघता ते बटण दाबत. ही शिकाऊ पोरगी तेवढी तसं दाबत नव्हती.

ती पुढच्या खुर्चीत, तो तिच्या मागे – परीक्षक, त्याच्याही हाताशी त्याचं ते बटण. आज त्यानं हो म्हटलं तर तिला लायसन्स, नाही तर घरचा रस्ता. ही शेवटची संधी होती. टीं-टीं झालं की ती दोन्ही खुणांवरचे उंचीचे आकडे ओठ हलवत वाचायची आणि मगच बटण दाबायची. सकाळपासून त्यानं तिला सोलून काढलं होतं.

"वाजलं की दचकायचं असेल तर बाई, घरी बसून कुकरच्या शिट्ट्या मोजा."

शेजारचे फिदीफिदी हसले. तिची मान लाल झाली, आणि ती लाल मान बघताना त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं – त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत त्याच्या बोटांवर पट्टी मारली होती, आणि आपण त्या दिवशी रडलो नाही म्हणूनच तर आज… नाही, रडलो होतो, संडासात, नळ सोडून… मग ही का रडत नाही? समजते कोण स्वतःला?

टीं—

त्याचा अंगठा खाली गेला. तो तिच्या मानेकडेच बघत होता.

"डावीकडे वळा, ताबडतोब," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज जराही चढला नाही.

तेव्हा कुठे त्यानं पडदा पाहिला. मालवाहू विमान ठरल्या उंचीवर थांबलंच नव्हतं. चढत चढत ते थेट प्रवासी विमानाच्या पोटाखाली निघालं होतं. खुणा जवळ आल्या आणि – हळू, फार हळू – सुटल्या. नियमातलं अंतर जेमतेम राहिलं. म्हणजे चौकशी नाही, म्हणजे कुणाला कळायचं नाही…

"सर," ती मागे न वळता म्हणाली, "अलार्म वाजून बंद झाला. मी नाही दाबलं."

"कुठला अलार्म?"

"काही नाही. भास झाला असेल मला."

सुटलो! लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही, संताप आला. नापास केली तर ही बोलेल. पास केली तर उद्यापासून शेजारच्या खुर्चीत बसेल, रोज हसून 'सर' म्हणेल, आणि कधीच, कधीच काही बोलणार नाही…

टीं-टीं.

अंगठा निघाला आणि अधांतरी थांबला. तिनंही बटणाला हात लावला नाही. तो आकडे वाचू लागला, एकेक, ओठ हलवत – आणि आपली मान तापत चाललीये हे त्याला जाणवलं. मागे तर कुणीच बसलेलं नव्हतं.