मोजणीचा पाहुणा

अर्धांगाच्या झटक्यानंतर ही पुन्हा उठून घरात फिरू लागली, पण शब्द गेले ते गेलेच. समजायचं सगळं. बोलायला गेली की तोंडातून एकच निघायचं, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, माझा राग आला तरी बरं. आमच्या संसारातलं सगळं बोलणं आजवर हिनेच केलेलं. दुकानदाराशी भांडण, व्याह्यांची समजूत, शेजाऱ्यांची थट्टा. मी आपला पुस्तकात तोंड खुपसून बसायचो.

डॉक्टरांनी शहरातल्या एका वाचोपचार करणाऱ्या बाईंशी गाठ घालून दिली. त्या कॉम्प्युटरवरून बोलायला शिकवायच्या. ओठ मिटून दाखवायच्या, जीभ दातांना लावून दाखवायच्या. हिने बघून तसंच करायचं. पण आमचं अख्खं गाव सरकारने कधीकाळी आणलेल्या एकाच बारीक तारेला लटकलेलं. बाईंचं चित्र तोंड उघडं राहून थिजायचं आणि आवाज मागाहून यायचा. कानावर ‘प’ यायचा तेव्हा पडद्यावर ओठ ‘आ’चे. ही गोंधळायची, मग रडायची.

‘‘काका, असंच चाललं तर काकू आहे तेही विसरतील,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि हे सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात हो.’’

अशात बातमी आली की नेट हळू असलेल्या गावांना सरकार नवी, जाड केबल देणार आहे. त्यासाठी मोजणीचे साहेब येणार होते. मी हिला सांगितलं. ‘‘बरं,’’ ही म्हणाली, आणि मला वाटलं, या खेपेला तिला तेच म्हणायचं असावं.

वरून कोणीही येणार असलं की आमचं गाव रस्ते झाडतं, कुत्री बांधतं, ऑफिसच्या पायऱ्या धुतं. तशी आदल्या दिवशी गावसमितीच्या अध्यक्षांनी भोंग्यावरून सूचना दिली. ‘‘उद्या सकाळी कोणी मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर लावायचा नाही. साहेबांची लाईन अडता कामा नये. गावाची लाज राखा!’’

मला ते खटकलं. बराच वेळ घरातच येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी समितीच्या ऑफिसात गेलो. तिथे चार माणसं बसलेली.

‘‘मी काय म्हणतो, सगळं बंद ठेवलं तर... म्हणजे हळू आहे हे त्यांना...’’

‘‘काका, पाहुण्याला फाटकी सतरंजी अंथरतो का आपण?’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘गाव नीटनेटकं दिसलं की केबलही नीट मिळेल. तुम्ही वाचा निवांत, साहेब लोकांचं आमच्यावर सोडा.’’

सगळे हसले. मीही हसलो. या माणसाचा साहेबांशी रोजचा संबंध. आपल्याला काय कळतंय, असं वाटलं. सकाळी मी आमच्याही घरातली वायर काढून ठेवली.

साहेबांनी ऑफिसातल्या टेबलावर यंत्र ठेवलं, तार जोडली आणि खूश झाले. ‘‘वा! शहरात माझ्या घरी नाही एवढा वेग!’’

टाळ्या पडल्या. अध्यक्ष फुलून गेले. ‘‘मग साहेब, खोदकाम कधी सुरू?’’

‘‘कसलं खोदकाम? केबल वेग नसलेल्या गावांना. तुमचं झकास आहे.’’



‘‘अहो, तुम्ही येणार म्हणून सगळं गाव बंद ठेवलंय!’’ अध्यक्ष ओरडले. ‘‘थांबा, चालू करायला लावतो. परत मोजा.’’

‘‘यंत्रातून आकडा थेट वर जातो. गेला तो.’’ साहेब तार गुंडाळू लागले. ‘‘पुढच्या टप्प्यात बघतील.’’

‘‘तो कधी?’’

‘‘अजून ठरलेला नाही.’’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘करा आणखी पाहुणचार.’’ या वेळी कोणी हसलं नाही.

त्यानंतर बाईंनी दोनदा प्रयत्न केला. मग फोनच केला. ‘‘काका, मी थांबते आता. यात काकूंचं नुकसानच होतंय. इकडे राहायला आणता येईल का त्यांना?’’

‘‘बघतो,’’ मी म्हणालो. शहरात आमचं कोणी नव्हतं. ते त्यांनाही ठाऊक होतं.

दुपारी खुर्ची ओढून मी हिच्या खाटेसमोर बसलो. बाई करायच्या तसे ओठ घट्ट मिटले, मग उघडले. ‘‘पा... पाणी.’’ आरशातही मी स्वतःच्या तोंडाकडे असं कधी पाहिलं नसेल. कवळी हलत होती. ओठ नेमके कुठे ठेवायचे तेच मला कळत नव्हतं. ‘‘पाणी,’’ मी पुन्हा म्हणालो. पुन्हा. पुन्हा.

ही माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. तिचे ओठ जरासे हलले, थांबले. मग तिने हात पुढे केला, माझ्या ओठांवर ठेवला आणि हलकेच माझं तोंड मिटलं. नंतर ती भिंतीकडे वळून निजली.