आत्याच्या पाटीवरचं साळिंदर

साळिंदराच्या पाठीवर एकशे बारा काटे होते. भाचीनं ते टॅबलेटवर एकेक करून रंगवले होते, बुंध्याशी जाड, टोकाला निमुळते, प्रत्येकावर काळे-पांढरे पट्टे. प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलीनं काढावं तसंच ते होतं. फक्त दोन पायांवर उभं, अंगात जाकीट आणि गळ्यात मोजपट्टी.

आत्यानं हातातली कात्री खाली न ठेवताच पाहिलं.

"कोण गं हे?"

"शिंपीण. म्हणजे तूच. दुकानाच्या पाटीवर."

"ही शिंपीण? ही तर चुकून जाकिटात शिरलेली घूस आहे. गिऱ्हाईक आत यायचं सोडून पिंजरा आणायला धावेल!"

पाटीवाल्याला चार वाजेपर्यंत चित्र हवं होतं. नाहीतर तो त्याच्याकडचं तयार चित्र छापणार होता, कात्री आणि रीळ. तसली पाटी त्याच रस्त्यावर आणखी तीन दुकानांना होती. भाचीचं एकही चित्र आजवर घराचा उंबरठा ओलांडून गेलं नव्हतं. पहिलंच जायला निघालं होतं, तर ते असं दारातच अडलं.

तिनं चित्रातल्या भुवया चढवल्या. साळिंदर दचकलं. डोळ्यांत माणसासारखं पांढरं भरलं, तर ते चोरटं दिसू लागलं. मग हसू दिलं.

"आता नुकतंच दात घासून आलंय," आत्या म्हणाली.

सुदैवानं प्रत्येक बदल वेगळ्या लेअरवर होता. खोडायला एक टिचकी पुरे.

तीनच्या सुमाराला एक बाई कोट आखूड करून घ्यायला आली. आत्या तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, टाचण्या ओठांत धरल्या आणि दुकान शांत झालं. आत्याचं तोंड बंद असण्याची जगातली ही एकमेव वेळ. बाई आपल्या जावेबद्दल सांगत होती आणि आत्या टाचण्यांच्या फटीतून उत्तरं देत होती.

"म्हं." मग, "म्हं?" आणि शेवटी, "म्म्हं!"

त्या शेवटच्या हुंकारानं जावेची पार सालटी निघाली.

भाची टक लावून बघत राहिली. आत्याचे ओठ आवळलेले, एक गाल वर ओढलेला, त्या बाजूचा डोळा बारीक आणि दुसरा सताड उघडा. चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींना ओळखसुद्धा दाखवत नव्हत्या. आणि भाचीनं काय केलं होतं? वेळ वाचावा म्हणून साळिंदराचा अर्धाच चेहरा रंगवला होता आणि तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवला होता!

तिनं उजवी बाजू पुसून टाकली. नव्या बाजूला गाल वर चढवला, डोळा बारीक केला, मिशीचे केस थोडे विस्कटले. आवळलेल्या ओठांत पाच टाचण्या रोवल्या. साळिंदर कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखं दिसू लागलं. भाचीला एकटीलाच हसू फुटलं.

चार वाजायला दहा मिनिटं असताना तिनं टॅबलेट आत्यापुढे धरला. आत्या काहीच बोलली नाही. तोंडात टाचणी नसताना हे पहिल्यांदाच घडत होतं.

"पाचच?" आत्या अखेर म्हणाली. "मी आठ धरते."

"तोंड लहान आहे गं तिचं."

"माझं तोंड लहान? असं म्हणायची अजून कुणाची छाती झाली नाही. काढ आठ!"

भाचीनं तीन टाचण्या वाढवल्या आणि चित्र धाडलं. तोवर आत्यानं पाटीवाल्याला फोन लावलाही होता.

"हो, पोचेल आता. आणि हे बघा, पाटी ठरल्यापेक्षा हातभर मोठी करा. पलीकडच्या फुटपाथवरून चेहरा दिसला पाहिजे माझा."