मनाला शांत करणारा उजेड

सुनेने हौसेने सजवलेल्या खोलीला नावं कशी ठेवायची, या एका संकोचापायी विश्वेश्वररावांच्या मागे इतके उपचार लागले.

नागपूरचं घर आवरून ते बेंगळुरूत जे. पी. नगरला मुलाकडे आले, तेव्हा मुग्धाने त्यांची खोली नव्याने करून घेतली होती. छताच्या कडेला लपवलेला पिवळसर उजेड, म्हणे मनाला शांत करणारा. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. त्या उजेडात पुस्तक धरलं की पान दिसे, अक्षर दिसत नसे. मग ते हात मांडीवर ठेवून नुसते बसू लागले.

“वाचत नाहीत, बोलत नाहीत,” मुग्धा नवऱ्याला म्हणाली. “राजस, हे क्लिअरली डिप्रेशन आहे.”

विश्वेश्वररावांनी ते ऐकलं आणि त्यांनाही वाटलं, असेल बुवा. समोरचा ठामपणे बोलला की आपलंच चुकत असणार, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं.

आठवड्याभरात लाइट थेरपीचा दिवा आला. पाटीएवढा, पांढराशुभ्र. रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचं. पहिल्याच सकाळी त्यांनी हळूच मांडीवर पुस्तक उघडलं. तळटीपासुद्धा लख्ख दिसत होत्या! लवकरच ते नाश्त्याला स्वतःहून बोलू लागले, चक्क दुसऱ्यांदा पोहे मागू लागले.

“बघ राजस, गुण आला!” मुग्धा खूश झाली. “आता हा दिवा माझ्या ऑफिसातल्या प्रांजलीच्या आईला देऊ या. के. आर. पुरमला एकट्याच असतात बिचाऱ्या.”

विश्वेश्वररावांनी तोंडाशी नेलेला चमचा परत बशीत ठेवला. दिवा राहू दे म्हणणं काही जमेना. “मला... अजून जरा उदासच वाटतं,” ते पुटपुटले.

मुग्धाचा चेहरा पडला. “म्हणजे लाइटचा उपयोग नाही झाला.”

दिवा के. आर. पुरमला गेला आणि बनशंकरीहून नादोपचार करणारी सौम्या आली. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेली मराठी बाई, पिशवीत काशाचे वाडगे. तिने पडदे ओढले आणि होता तो पिवळा उजेडही मालवला.

“अण्णा, स्वल्प आडवे व्हा बघू.” छातीवर वाडगा ठेवून तिने टोला दिला. “काय वाटतंय?”

“गार.”

“सरी, ठीक आहे. आता आत जे अडकलंय, ते येऊ द्या बाहेर.”

तिने दुसरा टोला दिला, तिसरा दिला. विश्वेश्वरराव ताडकन उठले. वाडगा खणखणत पलंगाखाली गेला.

“दिसत नाही मला! या खोलीत एक अक्षर दिसत नाही! उदास कसला, वैतागलोय मी! त्या दिव्याखाली मी वाचत होतो!”

दारात मुग्धा उभी होती. “एवढंच होतं, बाबा? मग सांगायचं ना!”

“तू इतक्या हौसेने केलेलं...”

मुग्धाने छताकडे पाहिलं. पलंगाखाली वाकलेली सौम्या समाधानाने म्हणाली, “बघा! पहिल्याच दिवशी मोकळे झाले अण्णा.”

मुग्धाने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. फोन काढून ती पलंगाच्या कडेला बसली. “टेबलावरचा दिवा मागवते. कसा हवा?”

“तुला आवडेल तो...” म्हणता म्हणता विश्वेश्वरराव थांबले. मोठा श्वास घेऊन म्हणाले, “नाही. पांढरा. चांगला डोळ्यांवर येईल असा.”