कोरं कापड

टेलरमास्तरांनी पांढरं फ्लॅनेल गवतावरून ओढत झाडापर्यंत नेलं आणि उलटं करून पाहिलं. कोरं करकरीत. त्याची किनार त्यांनीच शिवली होती, दोरीही त्यांनीच ओवली होती. पण गोचीड काही चिकटेना.

"आजही नाही?" पलीकडून पोस्टमनने विचारलं. तोही त्यांच्यासारखाच हौशी स्वयंसेवक.

"थांब की जरा!"

गोचीड चावून येणारा ताप कुठवर पसरलाय, याचा अभ्यास करणारी एक संशोधक मुलगी दर रविवारी मास्तरांना घरून घेऊन यायची. बाकी आठवडाभर दाराला बाहेरून कुलूप. एकदा दोरा आणायला गेलेले मास्तर भलत्याच बसने शहराच्या टोकाला पोहोचले, तेव्हापासून त्यांच्या मुलाने धसका घेतला होता. मुलगा वाईट नव्हता. पण कुत्र्याला रोज न चुकता फिरवून आणायचं आणि बापाला मात्र कोंडून ठेवायचं, याने मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात गेल्या रविवारी ती मुलगी म्हणाली होती, "या पट्ट्यात काहीच दिसत नाही, काका." म्हणजे आता इथलं काम गुंडाळणार, असं त्यांनी गृहीतच धरलं.

त्यांनी पोस्टमनकडे पाठ केली, खिशातून काडेपेटी काढली आणि कापडावर उपडी केली.

"मिळाली!"

मुलगी धावत आली. भिंग लावून वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, ही रक्त पिऊन टम्म फुगलीये. गवतातून कापडाला उपाशी गोचीडच चिकटते."

मास्तर किनार चाचपत राहिले. गिऱ्हाइकाचं महागाचं कापड चुकीचं कापल्यासारखी लाज वाटली त्यांना.

"अहो, इथं नाहीत, हेसुद्धा मला कळायला हवंच की. कोरं कापडही कामाचंच असतं. पुढच्या रविवारीही येणार आहोत आपण."

"खरंच?"

"अगदी!" तिने गोचीड चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकली. "ही आपण मोजायची नाही."

परतताना मास्तर चक्क शीळ घालत होते.

मुलाने दार उघडलं. सोबत आलेल्या पोस्टमनला कुठला दम निघतोय!

"तुमच्या बाबांनी आज कमाल केली! गोचीड पकडली!"

"तापाची?" मुलगा दारातच थबकला. "मला वाटलं, तिथं काही नाहीच. बास झालं. आजपासून बंद."

मुलीने मास्तरांकडे पाहिलं. सांगायचं की नाही, हे तिने त्यांच्यावर सोडलं होतं. मास्तर मुलाकडे वळले.

"ती गवतातली नव्हती रे. आपल्या कुत्र्याच्या कानातली. काडेपेटीत घालून मीच नेली."

मुलगा रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळेच भरून आले. तो मुलीकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पाहिलंत? घरीही असंच मनचं काहीबाही सांगत असतात."

"नाही हो, ते खरंच सांगताहेत..."

"तुम्ही समजून घेता, ताई. फार उपकार झाले." त्याने वडिलांचा हात धरला. "चला बाबा, दमलात तुम्ही."

आत कुत्रं शेपूट हलवत दाराशीच उभं होतं. त्याची फिरायची वेळ झाली होती. मुलाने त्याला पट्टा अडकवला, बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं.

कुलूप लागल्याचा आवाज आला. मास्तरांनी अजून चपला काढल्या नव्हत्या.