काळा फटकारा

मेधाताईंनी चिंचवडला तीस वर्षं शिवणक्लास चालवला. नुसता फोटो दाखवला तरी त्या कापड बेतून देत. त्यामुळे परदेशात, माउंट रॉस्किलला लेकीकडे राहायला आल्यावर नातीने, इराने, शाळेच्या बॉलसाठी, म्हणजे नाचाच्या समारंभासाठी, ड्रेस शिवशील का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला.

इराने समोर ठेवलं ते एक चित्र होतं. पापाकुराच्या ऑप शॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, जुन्या फ्रेम्सच्या ढिगात सापडलेलं. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'पॅरिस, १९५३'. शाईने काढलेली उंच बाई, पायघोळ हिरवा झगा, आणि कमरेपासून खालपर्यंत काळ्या ब्रशचा एकच जाड फटकारा.

"असाच हवा, आजी. एक्झॅक्टली."

मेधाताईंनी चष्मा पुसला. शिवण कुठेच दिसेना. डावी बाही होती, उजवी काढलीच नव्हती. कंबर मनगटाएवढी. आणि हा काळा फटकारा म्हणजे काय? चुणी? पट्टा? की नुसती सावली?

जुनी चादर कापून त्यांनी चुण्या घालून पाहिल्या. इराच्या अंगावर त्या पोत्यासारख्या फुगल्या. सगळं उसवून कळ्या जोडल्या, तर घेर पायात अडकायला लागला.

"आई, फॅशनचं चित्र आहे ते," वल्लरी ऑफिसातून आल्यावर लेकीच्या हक्काने म्हणाली. "त्यात सगळं खरं नसतं."

"म्हणजे हा झगा कुणी शिवलाच नव्हता?"

"शिवला असेल की. पण असा नसेल."

मेधाताई आणखीच गोंधळल्या. शेवटी त्यांनी इरालाच विचारलं, "तुला यातलं नेमकं काय आवडलं गं?"

इराने काळ्या फटकाऱ्यावर बोट ठेवलं. "धिस. शी इज जस्ट वॉकिंग ऑफ. कुणाचंच न ऐकता."

चालणं कसं बेतायचं, हे त्यांनी क्लासात कधी शिकवलं नव्हतं. त्यांनी इराला चादर गुंडाळून पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायला लावल्या. कापड मागे जिथे ओढलं जाई तिथे खडूने तिरकी खूण केली, आणि हिरवा झगा शिवून त्यावर त्याच जागी काळी साटीनची पट्टी लावली.

बॉलच्या संध्याकाळी इराने आजीला घट्ट मिठी मारली. "सेम टू सेम!"

मेधाताईंनी चित्राकडे पाहिलं, मग इराकडे. बाह्या दोन, कंबर इराचीच, पट्टी थोडी वाकडीच.

"कुठे सेम आहे गं?" त्यांनी वल्लरीला हळूच विचारलं.

वल्लरी फोटो काढण्यात गुंग होती. इरा तुरुतुरु गाडीकडे निघालीसुद्धा. मेधाताई दारात उभ्या होत्या. आनंद झाला होता खरा, पण आपण नक्की काय शिवलं, ते त्यांना अजूनही उमजत नव्हतं.