छपराची जागा

दादाने जुनी गाडी विकली हे त्याने मला सांगितलं नाही. सकाळी कामाला निघाले, तर गाडीच्या जागी तेलाचा डाग होता आणि डागाशेजारी दादा उभा होता.

"विकली," तो म्हणाला.

"अरे, मग जायचं कशाने?"

"आज रिक्षाने. नवी दुपारी येतेय." एवढं बोलून तो दमला. दादा भूल देणारा डॉक्टर आहे. लोक त्याच्याशी बोलायला लागले की झोपतात, त्यामुळे गप्पांची सवय त्याला कधी लागलीच नाही.

जुनी गाडी कूपे होती. कूपे म्हटल्यावर मला आधी रेल्वेतला कूपे वाटला होता, पण त्यात निदान पाय लांब करता येतात. हिला दारं दोनच, आणि मागची सीट नावापुरती. त्या नावापुरत्या सीटवर मी रोज बसायचे. पुढे दादा, शेजारी वहिनी, मागे गुडघे हनुवटीला लावून मी. आम्हा दोघींना वहिनींच्या चष्म्याच्या दुकानाशी सोडून दादा हॉस्पिटलला जायचा. दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे माझं काम. वहिनी आधी उतरणार, खटका ओढून आपली सीट पुढे पाडणार आणि म्हणणार, "या वन्सं." मग आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेली मी, अशी बाहेर यायचे.

माझा संसार मोडला तेव्हा दादा मला ह्याच गाडीतून घरी घेऊन आला होता. मागे मी आणि माझी बॅग. बॅग त्याच दिवशी उतरली. मी आपली मागेच राहिले.

दुपारी जेवायला घरी आलो, तेव्हा नवी गाडी आली. उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार, जमिनीला पोट लावून बसलेली. एवढी पळणारी गाडी घेतली, आणि रंग काय, तर हॉस्पिटलच्या भिंतीसारखा राखाडी! सोबत आलेला कंपनीचा माणूस म्हणाला, ही चार सेकंदांत शंभरचा वेग गाठते.

"चार सेकंदांत माझा पेशंटही झोपत नाही," दादा म्हणाला. तो खूश होता. हे मी बहीण म्हणून सांगते, चेहऱ्यावरून कोणाला कळलं नसतं.

मग त्याने बटण दाबलं. छप्पर उचललं गेलं, दुमडलं आणि मागे जाऊन बसलं. मी बसायचे, बरोबर तिथे. वरून झाकणही लागलं.

"बघ," दादा म्हणाला.

बघितलं. सीटा दोनच होत्या.

संध्याकाळी जेवताना मी ताटाला म्हटलं, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही उगाच नाही."

"मला म्हणतेयस का?" दादाने विचारलं.

"तिसऱ्या माणसाने बसायचं कुठे?"

"दोन फेऱ्या मारीन."

"मी काय विटा आहे, फेऱ्या करून टाकायला? सरळ सांग ना, जागा नाही म्हणून. गाडीतही नाही आणि घरातही नाही."

बोलून गेले खरी. पण छप्पर दुमडलं तेव्हापासून मला हीच भीती वाटत होती. वहिनींनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"उद्या मी बसने जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा पुढे, वन्सं."

"मला कोणाची जागा नको."

"अहो, केस विस्कटून दुकान उघडायचं नाहीये मला. गिऱ्हाइकं येतात."

माझं काम मागच्या खोलीत. माझे विस्कटलेले चालतात. हे मी बोलले नाही, पण जेवलेही नाही.

सकाळी आम्ही दोघं निघालो. दादाने आरसे नीट केले, दोन सिग्नल शहाण्यासारखे पाळले, आणि मोकळा रस्ता लागल्यावर पाय दाबला. माझं पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले.

"अरे मेल्या!" मी किंचाळले.

दादाला मी जन्मात मेल्या म्हटलं नव्हतं. तो हसला, चांगला खदखदून. त्याच्या दोन दाढा बसवलेल्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या सिग्नलला मी विचारलं, "कशाला घेतलीस रे ही?"

"आयुष्यभर लोकांना झोपवलं. म्हटलं, आपण जरा जागं व्हावं." मग समोर बघतच म्हणाला, "आणि त्या गाडीत आरशात रोज तुझे गुडघे दिसायचे."

"मग?"

"माणसाने किती वर्षं बघायचं?"

सिग्नल सुटला. मला रडू आलं. वाऱ्यावर ढकलायची सोय होती, म्हणून पुसलंही नाही.

दुकानाशी पोचलो. शटर वर होतं, म्हणजे वहिनी आधीच आल्या होत्या. दादाने इंजिन बंद केलं. मी बसून राहिले. तोही बसून राहिला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"वहिनींना हाक मार ना. सीट कोण पाडणार?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. शुद्धीवर येणाऱ्या पेशंटशी बोलावं तसं हळू म्हणाला, "अगं, दार तुझ्याच बाजूला आहे."

होतं खरं. दाराला मूठही होती. इतक्या वर्षांत त्या जुन्या गाडीतून मी एकदाही आपली आपण उतरले नव्हते, आणि हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. सवयीने त्यांनी दार उघडलं, सवयीने म्हणाल्या, "या वन्सं."

मी दार त्यांच्या हातातून ओढून परत लावलं. धाडकन. दादा कळवळला. वहिनींना वाटलं, अजून रुसलेय. मग मी मूठ ओढली, दार उघडलं आणि दोन्ही पाय एकदम टाकून बाहेर आले.

"उद्या तुम्ही बसा, वहिनी," मी म्हटलं. "मी बसने येईन. परवा परत मी."

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "केस काय झालेत तुमचे!"

"असू देत. आज काउंटरवर मी बसते."

वहिनींनी जरा विचार केला. मग गल्ल्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली. सोबत कंगवा.